मालतीअक्कांच्या साबणदाण्या

कुणाच्याही घरी गेल्या की मालतीअक्का आधी टीव्हीच्या मागे जातात. हळदीकुंकू असो की बारसं. हातातलं वाण सांभाळत, पदर खोचून, मान तिरकी करून त्या टीव्ही आणि भिंतीमधल्या फटीत शिरतात आणि तिथूनच विचारतात, "अहो, ह्याला चपटी खाच हाय की नाही?"

धारवाडला आमच्या एका नातेवाइकांच्या वास्तुशांतीला हे झालं, तेव्हा घरमालकांना वाटलं पाल पडली. ते झाडू घेऊन धावले. अक्का आतून म्हणाल्या, "झाडू नको, बॅटरी आणा." खाच सापडली. देवदर्शन झाल्यासारखा चेहरा करून त्या बाहेर आल्या. "हा टीव्ही जुना झाला की भंगारात देऊ नका हं. मला कळवा." टीव्ही कोरा होता, त्यावरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा निघाला नव्हता. पाहुणे गेल्यावर घरच्या बाईंनी म्हणे टीव्हीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

अक्का हुबळीत, कमरीपेठेत, आमच्या शेजारी राहतात. खाली त्यांच्या यजमानांचं, म्हणजे अप्पांचं, खण-लुगड्यांचं दुकान आणि वर बिऱ्हाड. अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्या त्या उन्हाळ्यात बेंगळुरूच्या भाच्यानं त्यांना एक हिरवी पाटी आणून दिली. खेळायच्या पत्त्याएवढी. कडेला खाचा, एका बाजूला ओळीनं बारीक सुया.

"मावशी, हा अख्खा कॉम्प्युटर आहे," भाचा म्हणाला. "टीव्हीच्या मागच्या चपट्या खाचेत जोडायचा. पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायला काढलाय, म्हणून इतका स्वस्त."

भाचा जेवला, झोपला आणि परत गेला. अक्का मात्र त्या पाटीपाशी बसल्या त्या पाऊस सुरू होईपर्यंत उठल्या नाहीत. आमटी खारट व्हायला लागली. पाटी उघडी नको म्हणून त्यांनी ती साबणदाणीत ठेवली. "खालची भोकं गरम हवा जायला, बाजूची फट वायरीला. साबणाला एवढी सोय कशाला लागते सांगा!"

मग भाच्याकडून आणखी पाट्या आल्या, साबणदाण्या वाढत गेल्या. गल्लीतली पोरं येऊ लागली, लोकांचे टाकलेले टीव्ही येऊ लागले. माडीवरच्या खोलीत लुगड्यांच्या गठ्ठ्यांना टेकून ते मांडलेले असत. एकावर सगळं जग हिरवं दिसायचं, एकाला चापट मारल्याशिवाय चित्र यायचं नाही.

माझी मुलगी सई तिथं जायला लागली, तेव्हा मी चौकशीला गेलो. मी वकील. कोर्टाची वेळ झाली होती, अंगात काळा कोट होता. अक्का म्हणाल्या, "बरे आलात, बसा." आणि पोरांकडे वळल्या. "आता मी यंत्र. यंत्र खुळं असतंय, पण प्रामाणिक असतंय. सांगाल तेवढंच करतंय. वकिलांना कुंकू लावायला सांगा मला."

"कुंकू लावा!" एक पोरगा ओरडला. अक्का ढिम्म.

"करंडा उघडा, बोट बुडवा, कपाळाला लावा," सई म्हणाली.

अक्कांनी कोनाड्यातला करंडा उघडला, बोट बुडवलं आणि स्वतःच्याच कपाळाला लावलं. पोरं खिदळली. "वकिलांच्या कपाळाला! आणि लावत राहा!"

झालं. अक्का लावत राहिल्या. कपाळ भरलं, भुवया भरल्या, नाकाच्या शेंड्यापर्यंत कुंकू आलं. "अक्का, पुरे हो," मी म्हणालो. "यंत्र पाहुण्याचं ऐकत नाही," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा बोट बुडवलं. शेवटी सईच किंचाळली, "थांबा!"

"आय्तु!" अक्का म्हणाल्या. काम पुरं झालं की त्यांच्या तोंडून हा कानडी शब्दच निघतो. "कधी थांबायचं ते सांगितलं नाही तर काय होतंय, ते वकिलांकडे बघून लक्षात ठेवा."

धुऊनपुसून गेलो, तरी न्यायाधीशांनी विचारलंच, "काय वकीलसाहेब, जत्रेहून थेट इकडे?"

पण पुढच्या खेपेला गेलो, तेव्हा सई टीव्हीसमोर बसली होती. तिनं काही ओळी टाइप केल्या. त्या हिरव्या टीव्हीवर एक रेघ आपोआप चालू लागली. वळली, पुन्हा वळली, स्वतःलाच ओलांडून गेली, आणि बघता बघता पडद्यावर कमळ उमललं. साबणदाणीतून कमळ! मी कधी टीव्हीकडे बघत होतो, कधी लेकीकडे. हिच्या डोक्यात हे कुठं होतं इतके दिवस?

एक पाकळी वाकडी आली होती. अक्का त्यावरच जास्त खूश. "चुकलं? छान! कुठल्या ओळीत चुकलं तेसुद्धा दाखवतंय बघ, किती गुणाचं आहे. माणूस दाखवतंय का? नुसतं फुगून बसतंय."

हे शेवटचं वाक्य जिन्याकडे तोंड करून, खाली ऐकू जाईल असं. खाली अप्पा होते.

अप्पा म्हणजे बोलणं. खण घ्यायला आलेल्या बाईचं माहेर, सासर, गुडघेदुखी आणि जावयाची बदली, सगळ्याचा समाचार घेतल्याशिवाय ते कापड उलगडत नसत. मराठीत सुरू करायचे, कानडीत संपवायचे. एका सकाळी दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले. समज शाबूत होती, डावा हात चालत होता, शब्द मात्र एकही फुटत नव्हता. काही हवं असलं की खाटेवर हात आपटायचे. अक्का धावत यायच्या, पंखा लावायच्या, उशी बदलायच्या, चादर ओढायच्या. हवं असायचं पाणी. अप्पा चिडून भिंतीकडे तोंड फिरवायचे, आणि अक्का स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांड्यांचा आवाज करायच्या. माडीवरचे टीव्ही बंद पडले.

एक दिवस त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. "वकील, स्कूटर काढा. गोकुळ रोडला जायचंय."

गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी यंत्रांना असतात तसली मोठी, जाडजूड बटणं मागितली. मालकानं कानडीत विचारलं, "कुठल्या मशीनला बसवायची, अक्का?"

"नवऱ्याला," अक्का म्हणाल्या.

पोरं पुन्हा जमली. एका फळीवर बटणं बसली, साबणदाणीतल्या सुयांना वायरी जोडल्या, प्रत्येक बटणावर चित्र चिकटलं. बटण दाबलं की यंत्रानं बोलायचं, एवढंच. आवाज सईचा. पहिल्या चाचणीला पाण्याचं बटण दाबलं तर "चहा द्या" आलं, आणि त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं. अक्काच हसल्या. पोरांनी ओळ शोधली, दुरुस्त केली.

फळी अप्पांच्या मांडीवर ठेवली. ते एकेक चित्र बघत गेले. मग डाव्या हाताचं बोट पुढं आलं. "चहा द्या." अक्कांनी चहा आणला. अप्पांनी एक घोट घेतला, पोरांकडे पाहिलं आणि पुन्हा तेच बटण दाबलं. "चहा द्या." डोळ्यांत तो दुकानातला जुना मिस्कीलपणा. मी दाराशी उभा होतो. एका साबणदाणीनं माणूस परत आणला होता, आणि तो आणणारी पोरं अजून तिसरी-चौथीतली होती.

एक बटण उरलं होतं. "ह्यात काय घालू?" सईनं विचारलं.

"पंखा बंद."

"ते झालं की. अक्का, अप्पा तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?"

अक्का वायर सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या. "आता कुठली हाक. 'अगं' म्हणतात सगळेच नवरे."

खाटेवर अप्पांनी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. सगळे अक्कांकडे बघू लागले. अक्कांचे कान लाल झाले.

"मालू," त्या वायरीलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या. "चारचौघांत नाही हं. दुकान बंद करून वर आल्यावर."

सईनं तेवढंच रेकॉर्ड केलं. त्या बटणावर चित्र लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सईला आणायला गेलो तर वर्ग सुरू होता. आतल्या खोलीतून आवाज आला, "मालू." अक्का खडू ठेवून गेल्या. "काय हवंय? पाणी?" अप्पांनी मानेनंच नाही म्हटलं. त्या परत आल्या, फळ्याला हात लावतात तोच, "मालू." पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. "मालू."

"अहो, काय हवंय ते दाबा की!" आता अक्का वैतागल्या. "एवढी सगळी बटणं दिलीत पोरांनी!"

अप्पांनी फळीवरच्या एकेका चित्रावरून बोट फिरवलं. पाणी, चहा, पंखा, उशी. कुठंच थांबले नाहीत. शेवटच्या बटणाशी आले आणि दाबलं.

अक्का दारातून पोरांना म्हणाल्या, "तुमचं तुम्ही करा घटकाभर." स्टूल ओढून त्या खाटेपाशी बसल्या.

"मालू," माझ्या लेकीच्या आवाजात अप्पा पुन्हा म्हणाले.

"हं," अक्का म्हणाल्या.