जास्तीचा ल

चष्मा मोडल्याला आज बारावा दिवस होता आणि तो कुणी मोडला यावर घरात अजून एकमत झाले नव्हते. काकांचे म्हणणे, काकू त्यावर बसल्या. काकूंचे म्हणणे, खुर्ची ही बसायचीच वस्तू आहे, चष्मा ठेवायची नव्हे. एरवी हा वाद संध्याकाळपर्यंत मिटला असता, कारण काका कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याकडे जाऊन नवा चष्मा करून आले असते. पण साथीमुळे सगळे जग कुलूपबंद होते, आणि त्यात तो कोपराही आला. शेवटी चष्मेवाल्याने जुन्या नंबरावरून घरीच चष्मा तयार केला आणि कुरियरने धाडला. तो आज यायचा होता.

आणि आजच यायला हवा होता. जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीखाली, एक प्रूफ पडले होते. काकांनी छत्तीस वर्षे एकाच छापखान्यात प्रूफे तपासली होती. पुढे मालकांनी कॉम्प्युटर घेतला, तो स्वतःच चुका शोधू लागला, आणि काकांना घरी बसवण्यात आले. गेली दोन वर्षे एक ओळसुद्धा त्यांच्याकडे आली नव्हती. मग ही साथ आली. घरोघर वाटायचे एक लाख पत्रकांचे काम छापखान्याला मिळाले आणि मालकांना अचानक जुन्या माणसाची आठवण झाली.

"आज पाच वाजता मशीन सुरू करतोय," मालक सकाळी फोनवर म्हणाले होते. "जमत नसेल तर आत्ताच सांगा. कॉम्प्युटरनं तपासलंय, त्याला एकही चूक सापडली नाही. तुम्ही नजर टाकावी, एवढंच आपलं माझ्या मनात."

"जमेल की! न जमायला काय झालं?" काका म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी तो कागद नाकाला लावला. कागदावर मुंग्यांची रांग चालली होती. काकूंनी भिंग आणून दिले, तर मुंग्यांचे मुंगळे झाले. काकूंकडून वाचून घ्यावे, तर काकू वाचता वाचता चुका दुरुस्त करूनच वाचत, आणि कानाला काही ऱ्हस्वदीर्घ दिसत नाही. फोनवर 'जमेल' म्हणताना आपला आवाज किती आनंदाने फाटला हे काकांना आठवले आणि त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. चष्म्याशिवाय ते कुणीच नव्हते.

इमारतीत त्यांना दुरुस्तीकाका म्हणत. नवीन बिऱ्हाडकरू या नावाने फसून त्यांच्याकडे बिघडलेले मिक्सर घेऊन येत. खरी दुरुस्ती वेगळी होती. इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी काही लिहिले, की दोन मिनिटांत काकांची दुरुस्ती येऊन पडे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी आपल्या सासूबाई गेल्याचे कळवताना 'दुखःद निधन' लिहिले, तेव्हाही काकांचे पहिले उत्तर होते, 'दुःखद. विसर्ग दु नंतर.' सांत्वनाचा निरोप त्यांनी त्यानंतर पाठवला, पण तो पोहोचेपर्यंत वहिनींनी सेक्रेटरींना सांगून त्यांना ग्रुपमधून काढून टाकले होते. तेव्हापासून ग्रुपवर या घरातून फक्त काकू होत्या.

तर अकरा वाजता इमारतीच्या फाटकावर एक खोका आला. वॉचमनने नियमाप्रमाणे त्यावर जंतुनाशक फवारले. नियम एकदा फवारण्याचा होता, पण वॉचमनला स्वतःच्या जिवाची काळजी असल्याने त्याने पाचदा फवारले. त्यात पत्त्यावरचे नाव वाहून गेले आणि 'तिसरा मजला' एवढेच काय ते शिल्लक राहिले. सेक्रेटरींनी तो फाटकाजवळच्या टेबलावर ठेवायला सांगितला आणि ग्रुपवर कळवायला मोबाइल उघडला. त्यांनी 'खो' टाइप केले. त्या दिवसांत सगळे जग एकच शब्द लिहीत होते, त्यामुळे मोबाइलने तत्परतेने पुढचा शब्द सुचवला, आणि सेक्रेटरींनी तितक्याच तत्परतेने तो स्वीकारला.

काकू मोबाइल घेऊन धावतच बाहेरच्या खोलीत आल्या.

"अहो, ऐकलंत का? आपल्या मजल्यावर खोकला आलाय!"

काका तेव्हा चहाचा घोट घेत होते. घोट भलत्या वाटेने गेला आणि काका खोकू लागले. चांगले दणदणीत, भांड्यांच्या मांडणीत आवाज घुमेल असे. हवा खेळती राहावी म्हणून दार उघडे होते, आणि समोरच्या घरातले कॅशियर नेमके त्याच वेळी आपल्या दाराची कडी पुसत होते. बँकेत त्यांनी आयुष्यभर खोट्या नोटा ओळखल्या होत्या. खरा खोकला त्यांनी एका क्षणात ओळखला.

ग्रुपवर त्यांचा निरोप गेला, 'सापडला! दुरुस्तीकाकांचा आहे.'

त्यानंतर जे व्हायचे ते भराभर झाले. दुसऱ्या मजल्याने खिडक्या लावल्या. चौथ्या मजल्याने, तिसरा टाळून खाली कसे उतरायचे, यावर चर्चा सुरू केली. साडेअकराला तीन माणसांना खोकला होता, बाराला तो सहांना झाला, आणि साडेबाराला काकूंच्या लांबच्या भाचीने दुसऱ्या गावाहून फोन करून विचारले, "मावशी, काकांना कुठल्या हॉस्पिटलात हलवलंय?" काकांनी स्वतः फोन घेऊन आपण घरीच असल्याचे सांगितले, तर ती रडायलाच लागली.

टेबलावरचा खोका सेक्रेटरी या धांदलीत केव्हाच विसरले होते. त्यांनी रेनकोट चढवला, हातात मुलांच्या क्रीडास्पर्धेतला भोंगा घेतला आणि जिन्यात मोर्चा बांधला. तिसऱ्या मजल्याच्या वर आणि खाली कपडे वाळत घालायची दोरी आडवी लागली. मदतकेंद्राला फोन झाला. तपासणीचे लोक उद्या सकाळी येतील, तोवर या घरातून काही बाहेर जाणार नाही आणि आत काही येणार नाही, अशी घोषणा भोंग्यातून तीनदा झाली.

"उद्या सकाळी?" काका मटकन खाली बसले. या वेळी खुर्चीवर काही नव्हते. "अगं, पाचला मशीन सुरू होतंय. आणि माझा चष्मा?"

काकूंनी चष्मेवाल्याला फोन लावला.

"पोचला की!" चष्मेवाला म्हणाला. "अकरा वाजताच. तुमच्या वॉचमननं घेतलाय. छोटासा खोका आहे, पांढरा."

काका ताडकन उठले. दारात उभे राहून त्यांनी जिन्याच्या पोकळीत हाक मारली, "सेक्रेटरीसाहेब! आमचा खोका!"

खालून भोंगा खरखरला. "खोका की! आम्ही कुठं नाही म्हटलं? पण दार लावून खोका!"

"अहो, तसं नाही! खोका आलाय आमचा!"

"माहितीये! सगळ्या इमारतीला माहितीये तुमचा आलाय ते!"

"मग तो वर पाठवा ना!"

भोंग्यातून सेक्रेटरी जरा हळू, आजाऱ्याशी बोलावे तसे म्हणाले, "काका, तुम्हाला तापही आहे का हो?"

काकांनी दार लावून घेतले. अडीच वाजले होते. काकूंनी सेक्रेटरींना फोन करून पाहिला, तो लागत नव्हता, कारण ते सगळ्या इमारतीशी एकाच वेळी बोलत होते. तीन वाजले. काका टेबलाशी बसून प्रूफावरून नुसता हात फिरवत होते. "राहू दे," ते म्हणाले. "मालकांना सांगतो जमलं नाही म्हणून. कॉम्प्युटरला काय, ना चष्मा लागतो, ना त्याला खोकला होतो."

छत्तीस वर्षांत काकूंनी त्यांच्या तोंडून 'जमलं नाही' कधी ऐकले नव्हते. त्यांना एकदम भरून आले, आणि भरून आले की त्या रागावत.

"ते काही नाही! निम्मी चूक माझी होती, मी बसले त्या चष्म्यावर. आता सांगा, मी काय करू?"

बारा दिवसांनी हा कबुलीजबाब मिळाला होता, पण काकांना तो साजरा करायची शुद्ध नव्हती. ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तो पहिला निरोप काय होता गं? पहिल्यापासून वाच. आणि हे बघ, दुरुस्त करू नकोस. आहे तसं वाच."

"तिसऱ्या मजल्यासाठी खोकला आला आहे," काकूंनी वाचले. "एवढंच. पुढं 'आणखी वाचा' म्हणून आहे."

"मग वाच की आणखी!"

"ते कोण वाचतं?" असे म्हणत काकूंनी बोट लावले. "हलका आहे. वर 'काच, जपून' असे लिहिले आहे. ज्यांचा असेल त्यांनी टेबलावरून घेऊन जावा."

काका उभे राहिले. त्यांना समोरची भिंत धड दिसत नव्हती, पण चूक लख्ख दिसली.

"मजल्यासाठी!" ते ओरडले. "खोकला मजल्यावर येईल, मजल्यासाठी कशाला येईल? आणि टेबलावरून घेऊन जावा? अगं, ल जास्तीचा आहे! चल, दार उघड."

पावणेचारला तिसऱ्या मजल्यावरून पुन्हा हाक गेली. या वेळी काकांनी खोक्याचे नावही काढले नाही. "सेक्रेटरीसाहेब, एकच विनंती. तुमचा सकाळचा निरोप भोंग्यावर वाचून दाखवा. सगळा. शेवटपर्यंत. मग मी दार लावतो आणि पुन्हा उघडत नाही."

एवढ्यावर सुटका होत असेल तर सेक्रेटरींना हवेच होते. त्यांनी मोबाइल लांब धरला आणि खणखणीत आवाजात वाचायला घेतले. "तिसऱ्या मजल्यासाठी खोकला आला आहे. हलका आहे..." सगळी इमारत दारांच्या फटींतून ऐकत होती. "वर 'काच, जपून' असे..." इथे त्यांचा वेग मंदावला. "ज्यांचा असेल त्यांनी टेबलावरून..."

"पुढं वाचा!" काका म्हणाले.

"...घेऊन जावा," भोंगा पुटपुटला.

पहिले हसू चौथ्या मजल्यावर फुटले. वहिनी हसत होत्या, अगदी पोट धरून, आणि मग जिन्याच्या पोकळीतून हसण्याचा असा लोंढा आला की काहींना हसता हसता ठसका लागला. पण तो कुणी मोजला नाही. कॅशियर तेवढे दाराची कडी पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

वर आडवी बांधलेली दोरी सुटली, तिला काकूंची पिशवी बांधली गेली, आणि पांढरा खोका जिन्याच्या पोकळीतून हलके हलके वर आला. वॉचमनने पुन्हा फवारायला हात उचलला होता, तो सेक्रेटरींनी स्वतः धरला.

चार वाजून दहा मिनिटांनी काकांनी चष्मा लावला. आधी काकूंकडे पाहिले, मग लाल पेनाचे टोपण काढले. मुंग्या जागच्या जागी उभ्या राहून अक्षरे झाल्या. पहिल्या ओळीत एक अर्धविराम चुकला होता. दुसरीत एक पूर्णविराम राहिला होता, तो दिला. चौथ्या ओळीशी लाल पेन थांबले. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि छापखान्यात फोन केला.

"बोला," मालक म्हणाले. मागे मशीनवर कागद चढवल्याचा आवाज येत होता. "कॉम्प्युटर म्हणतोय, एकही चूक नाही."

"बरोबरच म्हणतोय. शब्द शुद्ध आहे. जरा चौथी ओळ वाचता का?"

"दोन व्यक्तींमध्ये," मालक वाचू लागले, "सहा फूट अत्तर ठेवा. बरोबर आहे की! हे तर आता पाठच..." आणि ते थांबले. "अत्तर?"

"सहा फूट," काका म्हणाले. "एक लाख घरांत."

"थांबवा!" मालक फोन हातात ठेवूनच ओरडले. "मशीन थांबवा!" मागचा आवाज बंद झाला. मग मालक म्हणाले, "काका, अंतर ठेवायला तुम्हालाच सांगितलं, हेच चुकलं आमचं. यापुढे तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय इथं एक ओळ छापायची नाही. चष्मे दोन करून ठेवा. दुसऱ्याचे पैसे माझ्याकडून."

काकांना काहीतरी रुबाबदार उत्तर द्यायचे होते, पण घाईत ठसका लागला आणि ते पुन्हा खोकले. या वेळी समोरच्या दारातून कॅशियरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, सहा फुटांवरून.

संध्याकाळी काकांच्या मोबाइलने टुणकन आवाज केला. त्यांना ग्रुपमध्ये परत घेण्यात आले होते. पाठोपाठ सेक्रेटरींचा निरोप आला, 'काकांची जाहीर माफी मागतो. सर्व चुक माझी आहे.'

काकांचे बोट आपसूक पुढे झाले.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "माणूस माफी मागतोय."

काकांनी बोट मागे घेतले. जीव तुटत होता, पण घेतले. एवढ्यात पुन्हा टुणकन वाजले. निरोप चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा होता. 'चूक. चू दीर्घ.' त्याखाली कॅशियर होते, 'हो, दीर्घच.' मग दुसरा मजला, मग तळमजला, मग साक्षात वॉचमन. बघता बघता अठरा घरांनी सेक्रेटरींची चूक दुरुस्त केली.

काकांनी समाधानाने चष्मा काढला. इमारतीत लागण झालीच होती. काकूंनी त्यांच्या हातातून चष्मा घेतला, कपाटात ठेवला आणि मग निवांतपणे खुर्चीत बसल्या.