सहा हजार एक वॅट

ज्या घरात पाच पाहुणे येणार म्हटल्यावर सात जणांचा तांदूळ धुतला जातो, ते घर सुसंस्कृत समजावे. आमच्या नवीन पनवेलच्या 'मधुमालती' सोसायटीत अशी चोवीस घरे आहेत. सोसायटीचा सचिव या नात्याने मला सांगायला समाधान वाटते की आजवर आमच्याकडे कुठलीही गोष्ट कमी पडलेली नाही. (पाणी सोडून. पण ते आमच्या हातात नाही.)

प्रस्तुत प्रकरण चौथ्या मजल्यावरील रुचिरा सबनीस हिच्या संगणकाचे आहे. रुचिरा अजून न बांधलेल्या इमारती दाखवण्याचे काम करते. बिल्डरकडे नुसती जमीन आणि नकाशा असतो. ही मुलगी संगणकावर तिथे बावीस मजले उभे करते, बाल्कनीत झोपाळा टांगते, बागेत मुले खेळवते, आणि त्याची फिल्म पाहून लोक टोकन देऊन जातात. आमच्या भागात सध्या खऱ्या इमारतींपेक्षा अशा इमारती जास्त आहेत आणि त्यांना पाणी चोवीस तास असते. मुंबईची नोकरी सोडून रुचिराने स्वतःचे पहिले काम घेतले होते: पळस्प्याच्या एका बिल्डरची फिल्म, दसऱ्याच्या आत. वेळेवर दिली तर त्याच्या पुढच्या सगळ्या प्रकल्पांचे काम तिचे. नाही दिली तर परत मुंबईची नोकरी, तीही मिळाली तर.

अशा फिल्मला दोन ग्राफिक्स कार्डे बसवलेला संगणक लागतो. तिने तो जमवत आणला होता. राहिला होता फक्त पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देणारा डबा. दोन कार्डांना मिळून नऊशे वॅट, प्रोसेसरला अडीचशे, किरकोळ शंभर, असा हिशेब करून आणि वर भरपूर मोकळीक ठेवून तिने सोळाशे वॅटचा डबा पसंत केला होता. मोबाइलवर बटण दाबायचे, एवढेच बाकी होते. तेवढ्यात तिचे वडील अवधूतराव यांनी विचारले, "कुणाला विचारलंस का?"

प्रश्न योग्य होता. आमच्याकडे वॉशिंग मशीनखालचा स्टँडसुद्धा तीन घरांत विचारून घेतात. त्यानुसार रविवारी गच्चीवर पॉवर सप्लाय निवड समितीची स्थापना झाली. सदस्य असे: अवधूतराव (वडील असल्यामुळे), दुसऱ्या मजल्यावरच्या आशालताबाई, निवृत्त मुख्याध्यापिका (वगळता येत नाही, म्हणून), निनाद (आयटीत असल्यामुळे), तळमजल्यावरचे कल्पेश कोळी, मूळचे उरणचे, बंदरात नोकरी आणि घरच्या दोन होड्या (इंजिनाची सवय, म्हणून), आणि अध्यक्षपदी मी. रुचिरा खुर्च्या आणायला खाली गेली होती, तोवर समिती भरली.

पहिला मुद्दा, वॅट म्हणजे नेमके किती, हा होता.

"आमचा मिक्सर साडेसातशेचा आहे," आशालताबाई म्हणाल्या. "म्हणजे हिला दोन मिक्सर आणि वर थोडं."

यामुळे विषय सर्वांच्या आवाक्यात आला. पुढचे कामकाज मिक्सर हेच एकक धरून झाले.

"सोळाशे अगदी काठावर वाटतं हो," अवधूतराव म्हणाले. "दोन हजार असू दे." सोळाशेमध्ये मोकळीक आधीच धरलेली होती हे खरे, पण ती मुलीने धरलेली होती. वडिलांची मोकळीक वेगळी असते आणि ती मुलांच्या मोकळिकीवर ठेवायची असते.

निनादने या विषयावरचे बरेच व्हिडिओ पाहिलेले होते (दीडपट वेगाने, त्यामुळे त्याचे ज्ञानही दीडपट होते). त्याने सांगितले की ही कार्डे अधूनमधून, क्षणभरासाठी, एकदम जास्त वीज ओढतात. हे कुणाला कळेना. शेवटी आशालताबाईंनीच समजावले, "सुकं खोबरं घातलं की मिक्सर कसा एकदम गुरगुरतो, तसं." सर्वांनी माना डोलावल्या आणि खोबऱ्यासाठी पाचशे वॅट वाढवले.

मग आशालताबाईंनी गणपतीचा विषय काढला. संगणकाला मोबाइल चार्ज करायची भोके असतात, हे त्यांनी नातवाकडे पाहिले होते. "सबनीसांकडे गणपतीला पंधरा माणसं तरी असतात. कुणाकुणाला नाही म्हणायचं? बरं दिसतं का ते?" बरे दिसणार नव्हते. आणखी पाचशे. तीन हजार झाले.

"तुमी एकच डबा घेताव," कल्पेशभाऊ म्हणाले. "आमी एका इंजिनावर दर्यात जात नाय. मधीच बंद परलं तर? तिथं काय गॅरेज हाय?"

संगणक चौथ्या मजल्यावर असणार आणि समुद्र तिथून बराच लांब आहे, असे कुणी म्हणू शकले असते. पण असे म्हणणाऱ्याच्या गळ्यात पुढची जबाबदारी पडली असती. म्हणून आकडा दुप्पट करण्यात आला.

अध्यक्ष म्हणून मला फारसे काही उरले नव्हते. तरी माझ्या लक्षात आले की शून्यावर संपणारा आकडा आपण आहेराच्या पाकिटातही घालत नाही. मी शकुनाचा एक वॅट वर ठेवला. सहा हजार एक हा आकडा एकमताने संमत झाला. (रुचिरा त्या वेळी चहा गाळत होती.) नंतर मी इमारतीत पाहणीही केली. चोवीसपैकी तेवीस घरांना हा आकडा योग्य वाटला. चोविसाव्या घराचे म्हणणे असे पडले की एवढे करताच आहात तर अजून थोडे का नाही.

जुन्या पनवेलातल्या संगणकाच्या दुकानदाराने मात्र असहकार केला. "काका, कॉम्प्युटरला एवढा येतच नाही," तो म्हणाला. "दोन कार्डांना सोळाशे बस झाला. आहे माझ्याकडे, घेऊन जा." ज्याच्याकडे जे असते तेच तो विकतो, हे ओळखून आम्ही पायऱ्या उतरलो. अखेर पळस्प्याच्या पुढे, कारखान्यांना वीजयंत्रे करून देणारी एक शेड सापडली. त्यांनी फक्त मापे विचारली. हे यंत्र कशासाठी, असे त्यांनी विचारले नाही, त्यावरूनच ते व्यावसायिक असल्याची आमची खात्री पटली.

यंत्र तयार होईपर्यंत गणपती गेले. (आलेल्या पाहुण्यांचे मोबाइल भिंतीलाच चार्ज झाले, हे नमूद करतो.) पुढे पितृपक्ष लागला आणि पितृपक्षात नवी वस्तू घरात घ्यायची नसते, त्यामुळे ते तयार होऊन शेडमध्येच थांबले. घटस्थापनेला टेम्पोतून आले. उंची कपाटाएवढी, रंग करडा, वर क्रेनने उचलायला कड्या. लिफ्टमध्ये मावले नाही म्हणून जिन्याने चढवले आणि जिन्याच्या कठड्याने तीन ठिकाणी जीव सोडला. रुचिराच्या खोलीत ते नेमके बसले, फक्त पलंग, टेबल आणि रुचिरा यांना जागा उरली नाही. पलंग बाहेर काढला. संगणक तूर्त माळ्यावर ठेवला. रुचिरा तूर्त जवळच्या आपटा गावात, मिताली नावाच्या मैत्रिणीकडे झोपायला जाऊ लागली. तिच्या आईने, सबनीस वहिनींनी, डोळे पुसले, पण काही मिळवायचे तर काही सोसावे लागतेच, असे मी त्यांना समजावले.

घटस्थापनेच्याच संध्याकाळी चाचणी झाली. संगणक जोडून यंत्र सुरू करताच लिफ्ट, पाण्याचा पंप आणि आशालताबाईंचा टीव्ही बंद झाला. समितीने तिथल्या तिथे तोडगा काढला: यंत्र सुरू ठेवायचे, पण त्याला संगणक जोडायचा नाही, तो परत माळ्यावर ठेवायचा, म्हणजे भार येणार नाही. तसे केल्यावर सगळे सुरळीत चालले. यंत्र संथ घुमत राहिले. अवधूतरावांनी त्यावर हात ठेवून पाहिला. "जराही तापत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसराही हात ठेवला. एवढी ताकद घरात असल्याचा आनंद आम्हालाही झाला. कल्पेशभाऊंनी पेढे वाटले.

दसऱ्याला सकाळी यंत्राची पूजा ठेवली. झेंडूचा हार मोठा लागला. हळदकुंकू वाहून झाल्यावर अवधूतरावांना वाटले, संगणकालाही एक फूल वाहावे. ते स्टूलवर चढले. माळा रिकामा होता.

त्यांनी रुचिराला फोन केला. नंतर आम्हाला कळले ते असे: संगणक तिने घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून आपट्याला नेला होता. त्याच दुकानदाराकडून सोळाशेचा डबा घेतला होता. फिल्म आदल्या दिवशी बिल्डरच्या हातात पडली होती, त्याला ती आवडली होती, आणि पुढची कामे तिला मिळाली होती. मितालीच्या शेजारची खोली तिने भाड्याने घेतली आहे. तिथेच राहणार आहे.

"सगळं तिच्यासाठीच तर केलं ना आपण?" अवधूतराव म्हणाले. बसायला पलंग नसल्यामुळे ते उभेच होते. मला त्यांचे वाईट वाटले. मागे यंत्र घुमत होते, आणि तिच्या खोलीत दुसरा आवाज नव्हता.

काही वाचक आता म्हणतील की समितीने त्या मुलीला एकदा तरी विचारायला हवे होते. टीका मला मान्य आहे. मात्र आपण इथवर आमच्या प्रत्येकाचे म्हणणे नीट ऐकून घेतलेत. मिक्सर, खोबरे, होडी, सगळे समजून घेतलेत. सोळाशे ठीक, पण अठराशे असते तर बरे, असा हिशेबही मनातल्या मनात केलात. या संपूर्ण हकिगतीत रुचिराच्या तोंडी एकही वाक्य नाही, ते तुम्हाला खटकले नाही. आत्ता मी सांगितले म्हणून कळले. अशी माणसे आम्हाला हवीच असतात. अवधूतरावांनी राजीनामा दिल्याने समितीत एक जागा रिकामी झाली आहे. तिथे मी आपले नाव घातले आहे. आपल्याला विचारायचे राहून गेले.