मेरिटवर बोला

खांबेटे वेलची डोळे मिटून विकत घेतात. दोह्याच्या सूक वाकिफ बाजारातल्या मसाल्याच्या दुकानात उभं राहायचं, डोळे मिटायचे, तळहात पुढे करायचा आणि दुकानदाराला बजावायचं, "कहाँ की है, मत बताना." म्हाताऱ्या इराणी दुकानदाराला पहिल्यांदा वाटलं की साहेबांना चक्कर येतेय, म्हणून त्याने स्टूल आणलं. आता तो मुकाट्याने वेगवेगळ्या वेलच्या एकामागून एक त्यांच्या हातावर ठेवतो. खांबेटे हुंगतात, चावून बघतात आणि निकाल देतात. निकाल दर वेळी ग्वाटेमालाच्या बाजूने लागतो. त्यांच्या बायकोला, नीलावहिनींना, केरळची वेलची हवी असते.

"देश बघून वेलची घ्यायची, मग मेरिटला अर्थ काय?" खांबेटे विचारतात.

"अहो, श्रीखंडात घालायचीय. ऑलिंपिकला नाही पाठवायची," वहिनी म्हणतात.

अल मुंतझा भागात आमच्या वरच्या मजल्यावर खांबेटे राहतात. मूळचे चिपळूणचे, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, आणि तेव्हा फुटबॉलचं स्टेडियम गार करण्याच्या कामावर. वाळवंटात उघड्या छपराखाली गार हवा सोडायची, हे वाक्य हसू न येता म्हणू शकणारा एवढा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे. वर्ल्डकपच्या आधीच्या त्या वर्षांत दोह्यातला प्रत्येक जण वर्ल्डकपच करत होता. रस्ता खणणारा वर्ल्डकप करत होता, आणि त्या खणलेल्या रस्त्यामुळे तासभर वळसा घालून ऑफिसात पोचणाराही वर्ल्डकपच करत होता. तारांच्या कुंपणांवर भव्य फलक होते. त्यांवरची माणसं क्षितिजाकडे बघून हसत असत. क्षितिजाच्या जागी तेव्हा क्रेन होत्या.

'मेरिटवर बोला' हे खांबेट्यांचं पेटंट वाक्य. क्रिकेट, राजकारण, पोहे, न्हाव्याचा हात, काहीही विषय असो, ते मेरिटवर येतात. शुक्रवारी चार मराठी घरं जेवायला जमली की ताक येईपर्यंत आरक्षणाचा विषय निघतो, आणि मग खांबेट्यांच्या मेहुण्याची मेडिकलची सीट जाते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दोन मार्कांनी गेली होती. पुढच्या वर्षी एका मार्काने गेली. त्यानंतर अर्ध्या मार्काने जाऊ लागली. मेहुण्याचं नाशकात औषधांचं मोठं दुकान आहे आणि तो सुखात आहे, पण ते मेरिटवरचं बोलणं नव्हे.

भारतातल्या काही इंजिनिअरिंग कॉलेजांत आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. आपल्या सायलीसाठी खांबेट्यांनी त्यांची बारकाईने चौकशी करून ठेवली होती.

"म्हणजे आरक्षणच की," मी म्हटलं.

"छे. ती सोय आहे."

"फरक काय?"

"सोय मागावी लागत नाही. ती असते," खांबेटे म्हणाले आणि त्यांनी कोशिंबीर पुढे केली.

गणपतीत आमच्या मंडळाची मोदकांची स्पर्धा असते. एका वर्षी ती खांबेट्यांकडे आली आणि त्यांनी तिला शास्त्रीय बैठक दिली. ताटांवर नावांऐवजी नंबर. परीक्षक म्हणून त्यांच्या ऑफिसातला थॉमस, कारण त्याने जन्मात मोदक खाल्ला नव्हता. "पूर्वग्रह शून्य," खांबेटे म्हणाले. गुणांचे निकष त्यांनी स्वतः लिहून थॉमसच्या हातात दिले: कळ्या किती आणि कशा, पारी किती पातळ, आणि पारी किती पांढरी.

त्या वर्षी शिल्पा जाधव नुकतीच बीडहून आली होती. नवरा बँकेत कॉम्प्युटरच्या कामावर, दोन वर्षांच्या कंत्राटावर. तिने मोदक आणले ते कणकेचे, तळलेले, खमंग आणि बदामी रंगाचे. थॉमसने त्यातले चार खाल्ले, पाचवा रुमालात बांधून घेतला आणि निकषांप्रमाणे शून्य गुण दिले.

"आमच्याकडं तळूनच करतेत हो," शिल्पा म्हणाली. "वाफवायचं सांगितलंच नव्हतं कुणी."

"वहिनी, परीक्षकाला तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. याहून न्याय्य काय असणार?" खांबेटे मनापासून म्हणाले.

सायली तेव्हा बारावीला होती. इथल्या बहुतेक मुलांसारखी ती मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, तेव्हा तिचं बोलणं मीच इथे मराठीत आणतो आहे. ती म्हणाली, "बाबा, तू गोरं असण्याला मार्क दिलेस."

खांबेट्यांनी ऐकलं नाहीसं केलं. वहिनींनी तळलेल्यांतला एक मोदक उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला.

त्याच हिवाळ्यात सायलीने अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज भरायला घेतले. अर्जात एक रकाना होता: तुमचा वंश कोणता. भरला तरी चालेल, न भरला तरी चालेल. कॉलेजात घेताना वंश बघावा की नाही, यावरून तिकडे तेव्हा कोर्टकचेऱ्या चालू होत्या. खांबेट्यांनी त्यावरचं सापडेल ते सगळं वाचलं. त्यांचं म्हणणं, आशियाई लिहिलं की पोरीला इतरांपेक्षा जास्त मार्क लागणार, तेव्हा रकाना कोरा सोडायचा. सायलीचं म्हणणं, भरायचा. जेवणाच्या टेबलावर दोघं आठवडाभर एकमेकांशी वहिनींमार्फत बोलत होती.

त्यात शाळेत वादविवाद स्पर्धा आली. विषय नेमका तोच, आणि सायलीच्या वाट्याला आलेली बाजू: वंशाचा विचार व्हावा. खांबेट्यांना हे सोन्यासारखं वाटलं. "घरी सराव करू. विरोधात मी. तू जिंकलीस तर रकाना भर. मी जिंकलो तर कोरा. पुढे चर्चा नाही."

"डील," सायली म्हणाली.

परीक्षक मी. शनिवारी दुपारी वर गेलो तर माझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली.

"वक्ता दिसला की पूर्वग्रह येतो," खांबेटे म्हणाले. "पाठ करून बसा."

"खांबेटे, दोनच वक्ते आहेत. एक सतरा वर्षांची मुलगी आणि एक तुम्ही. आवाजावरून कळेल हो मला."

"तत्त्व म्हणून बसा."

बसलो. समोर पिस्ता रंगाची भिंत. मागे खांबेट्यांनी घसा साफ करून इंग्रजीत सुरुवात केली. बोलले चांगलं. माणूस जन्माने कुठे पडला हे त्याच्या हातात नसतं, मेहनत हातात असते, तेव्हा मेहनत मोजा. मेहुणासुद्धा आला, इंग्रजीत. तिथे त्याची सीट पाव मार्काने गेली.

सायलीने मेहुण्याला हात लावला नाही. म्हणाली, "मला फक्त प्रश्न विचारायचेत. ग्रॅहमला तुमच्या कामाची ड्रॉइंग्ज वाचायला कोणी शिकवलं?"

ग्रॅहम हा खांबेट्यांच्या ऑफिसातला तरुण इंग्रज. त्याच्याविषयी खांबेटे नेहमी भरभरून बोलतात.

"मी," खांबेटे म्हणाले.

"आता तो कोण आहे?"

"मॅनेजर."

"कोणाचा?"

"आमच्या सेक्शनचा. माझा."

"मेरिटवर?"

इथे एकाच कामाला पासपोर्ट बघून पगार ठरतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इतकं ठाऊक आहे की शुक्रवारच्या जेवणांत त्याचा विषय कधी निघत नाही. आम्ही भारतातल्या आरक्षणावर बोलतो.

"परीक्षक, प्रश्न विषयाला सोडून आहे," खांबेटे म्हणाले.

"विषयाला धरून आहे," मी भिंतीला सांगितलं.

कागद टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग खांबेटे बोलले ते मराठीत.

"म्हणून तर कोरा सोड म्हणतोय ना, बाळा. मला इथे आधी पासपोर्ट विचारतात. काम काय येतं ते नंतर. झाली सवय. पण तू निघाल्येस नवीन जागी. तिथे तरी आधी तू दिसावीस. कुठली, कोणाची, ते मागाहून बघू देत."

मग सायली बोलली. तिचं एवढं लांब मराठी मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"पण बाबा, मी कुठली आहे ते काढलं तर मग मी कोण राहते? मी निबंध तुझ्यावर लिहिलाय. तू साइटवरून येतो. बूट दाराबाहेर उलटे करतो, त्यातून वाळू पडते. मग हात धुऊन माझं गणित घेतो, रोज, दमला असला तरी. वरती रकाना कोरा आणि खाली हे सगळं? त्यांना वाटेल हा माणूस कुठला ते सांगायची मला लाज वाटते. मला नाही वाटत लाज. जास्त मार्क लागतील तर आणते ना जास्त मार्क."

खुर्ची सरकली. नाक शिंकरल्याचा आवाज आला, तो सायलीचा नव्हता.

"अहो, परीक्षक," खांबेटे म्हणाले.

"बोला."

"निकाल द्यायची गरज नाही. ती भरेल रकाना."

"बरं."

"आणि एवढ्यात वळू नका."

स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं, "कोण जिंकलं? चहा टाकू का?"

"टाक," खांबेटे म्हणाले. "यांना घाई नाहीये. नाही ना हो?"

"नाही," मी भिंतीकडे बघत म्हटलं. "सावकाश होऊ द्या. इथून स्टेडियमच्या क्रेन फार छान दिसतायत."