गव्याच्या गाडीची धुराडी

बाळांनो, हातातलं बाजूला ठेवा आणि ऐका. एका जंगलात रस्ते नव्हते, पण गाड्या होत्या.

रस्ते नसताना गाड्या कशाला, असं तुम्ही विचाराल. जंगलात हे कोणी विचारत नसे. गाडी दारात उभी करायची, रोज पुसायची आणि तिला टेकून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं. चालवायची ती अधूनमधून, बॅटरी उतरू नये म्हणून. ही गोष्ट सांगणाऱ्याकडे साधी सायकल आहे, तरी तोही तिला टेकूनच उभा असतो.

त्या जंगलात एक गवा राहत असे. अंगानं एवढा थोराड, की त्याला अरेतुरे करायची कोणाची छाती होत नसे. सगळे त्याला भानुदासराव म्हणत. आपणही तसंच म्हणू.

भानुदासरावांची गाडी जुनी, लांबलचक आणि वरून उघडी होती. तिच्या इंजिनाचा धूर मागच्या मागे गुपचूप सुटत नसे. तो दोन जाड पाइपांतून, दोन्ही बाजूंनी, दारांच्या खालून, सगळ्यांना दिसेल असा नेलेला होता. तुम्ही त्याला सायलेन्सरचे पाइप म्हणाल. जंगलात त्यांना धुराडी म्हणत.

"धूर असा बाहेरून मिरवत कशाला न्यायचा?" भानुदासरावांच्या पत्नीनं, सगुणाबाईंनी, एकदा विचारलं होतं.

"अगं, मागून गेलेला धूर कोण बघतो?" भानुदासराव म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. "धूर तर धूर. पण आपला आहे ना!"

तर या धुराड्यांना गंज चढला. आणि नेमकं त्याच सुमाराला भानुदासरावांच्या लेकीचं, केतकीचं, लग्न ठरलं. सोयरीक नदीपलीकडच्या कळपातली होती.

गव्यांमध्ये एक रीत आहे. पाठवणीच्या वेळी लेकीला नदीपर्यंत बापानंच सोडायचं, आपल्या गाडीतून, स्वतः चालवत. नदीपलीकडचे व्याही काठावर उभे राहून बघणार. आणि काठावरून गाडीचं काय दिसणार? बाजू. बाजूला काय? धुराडी!

भानुदासरावांची झोप उडाली.

खरं सांगू का बाळांनो, झोप धुराड्यांमुळे उडाली नव्हती. लेक जाणार या विचारानं त्यांच्या छातीत कसंतरी होत होतं. पण एवढ्या थोराड गव्यानं छातीत कसंतरी होतंय हे सांगायचं कोणाला? त्यापेक्षा धुराड्यांचं बोलणं सोपं होतं. म्हणून ते दिवसभर धुराड्यांचंच बोलत.

पहिला सल्ला द्यायला रंगराव मोर आला. तो बोलावल्याशिवायच आला.

"क्रोम," रंगराव मान वेळावत म्हणाला. "दुसरं काही बघूच नका. चमक अशी पाहिजे, की व्याह्यांनी डोळ्यांवर हात धरले पाहिजेत."

जंगलात गाड्यांचं काम केरबा वानर करत असे. त्यानं धुराडी उतरवली, गंज घासून काढला आणि कुठूनसा क्रोमचा मुलामा चढवून आणला. धुराडी आरशासारखी लखलखली. भानुदासरावांनी वाकून पाहिलं. धुराड्यात एक लांबोळका, चपटा, बिनमानेचा गवा दिसला.

"पाइप वाकडा आहे का रे?" त्यांनी केरबाला विचारलं.

"पाइप सरळ हाय, मालक," केरबा म्हणाला.

भानुदासराव पोट धरून हसले. दिसतो तसाच दिसलो म्हणायचं, असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली आणि वडाला एक चक्कर मारून आले. परत येईपर्यंत इंजिनापाशी क्रोम आधी पिवळं, मग जांभळं आणि मग निळं पडलं होतं.

"तापल्यावर क्रोम असंच व्हतंय," केरबा म्हणाला.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी मोराला इचारलं, मला कुठं इचारलं?"

रंगराव मात्र खूश होता. निळा, जांभळा, पिवळा, हे तर आमच्या घराण्याचे रंग, असं तो जंगलभर सांगत सुटला. व्याही म्हणतील मोराकडून उसनी आणली गाडी, या भीतीनं भानुदासरावांनी ते क्रोम खरवडून काढायला लावलं.

आता भानुदासरावांनी ठरवलं, की कोणाचं ऐकायचं नाही. बाळांनो, आपली फजिती आपणच करायची असली की माणूस असाच स्वावलंबी होतो. घरात फाटकाला लावून उरलेला काळा ऑइलपेंट होता. फाटक किती वर्षं उभं आहे, ऊन खातंय, पाऊस खातंय, रंग जसाच्या तसा! मग धुराड्याला का नाही चालणार? त्यांनी शेपटीचा कुंचला केला आणि स्वतः रंगवलं.

फाटकाला इंजिन नसतं, हे तेवढं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

गाडी सुरू होताच रंगाला पापडासारखे फोड आले. मग तो जळायला लागला. असा काही उग्र वास सुटला, की जंगलात वणव्याची आरोळी उठली आणि हत्तींनी तळं गाठून सोंडा भरून आणल्या. भानुदासराव नखशिखांत भिजले.

"गवा म्हणून जन्माला आलो हे ठाऊक होतं," ते सगुणाबाईंना म्हणाले, "पण गाढवाचं रक्त आमच्यात कुठून आलं, ते शोधलं पाहिजे."

"तुमच्याच बाजूनं," सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टॉवेल पुढे केला.

शेवटी भानुदासराव तात्या कासवाकडे गेले. तात्यांना टिकाऊपणातलं कळतं असं जंगलात मानत, कारण तात्या स्वतः टिकले होते.

तात्यांनी डोळे मिटले. मग सावकाश उघडले.

"सिरॅमिक," तात्या म्हणाले. पुढचं वाक्य दुपारी आलं. "धुराडं स्वच्छ करायचं... त्यावर सिरॅमिकचा लेप द्यायचा... भट्टीत भाजायचा... गंज नाही, फोड नाही, रंग बदलणं नाही..."

हेच हवं होतं! भानुदासरावांना आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण तात्यांचं बोलणं संपायचं होतं. भानुदासराव रोज जाऊन बसू लागले आणि तात्या रोज थोडं पुढे सरकू लागले. अखेर तात्या म्हणाले, "मात्र भट्टी दुसऱ्या जंगलात आहे... जायला-यायला महिना लागतो." त्या वेळी लग्न परवावर आलं होतं.

या सगळ्या दिवसांत केतकी बापाशी बोलायला येई. ती जवळ आली की भानुदासराव विचारत, "चकचकीत बरं दिसेल की मंद काळं?" ती म्हणे, "तुम्हाला आवडेल ते, बाबा." आणि परत जाई. तिला काय बोलायचं होतं, ते कोणी विचारलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी केरबानं आपण होऊनच पिचकारी आणली. उष्णता सोसणारा मंद काळा रंग त्यानं धुराड्यांवर एकसारखा फवारला. काम झकास झालं. काजळासारखी काळी, गुळगुळीत, गंभीर धुराडी! भानुदासरावांना गहिवरून आलं.

"मालक, नीट ऐका," केरबा म्हणाला. "ह्यो रंग वाळल्यावानी दिसंल, पण आतून कच्चा असतोय. आता इंजिन हळूहळू तापवा. तापून भाजला की दगडावानी पक्का. पर तंवर कुणी हात लावला, तर ठसा बी तसाच पक्का हुईल."

"लगेच तापवतो," भानुदासराव म्हणाले आणि त्यांनी किल्ली लावली.

"थांबा!" सगुणाबाई आतून ओरडल्या. "वाहनाची पूजा झाल्याशिवाय लग्नाची गाडी सुरू करतात का कधी? उद्या सकाळी मुहूर्त आहे. तोवर किल्ली माझ्याकडे."

केरबानं आपली पिचकारी उचलली. पूजेपुढे कोण बोलणार?

मग भानुदासरावांनी एक पाटी लिहून गाडीला टांगली. 'रंग ओला आहे. हात लावू नये.'

बाळांनो, ही पाटी वाचून तुम्ही काय कराल? हं. त्या जंगलानंही तेच केलं.

वऱ्हाड येत होतं. आत्या आल्या, मावश्या आल्या. जो येई तो पाटी वाची, "ओला आहे का खरंच?" असं म्हणे आणि खूर लावून बघे. रंगरावानं एक पाय टेकवला. आपल्या पायाची नक्षी उठली की नाही हे बघायला दुसराही टेकवला. तात्यांनी फक्त टेकवायला सुरुवात केली होती. काढेपर्यंत संध्याकाळ झाली. आणि सगळ्यात पहिला ठसा कोणाचा होता म्हणता? भानुदासरावांचा! कोणी हात तर लावला नाही ना, हे त्यांनी हात लावूनच तपासलं होतं.

संध्याकाळी ते गाडीभोवती काठी घेऊन फिरत होते. केतकीला हळद नुकतीच लागली होती. ती पिवळ्या अंगानं हळूच आली आणि पुढच्या दाराशी, धुराड्यावर खूर टेकून बसली. लहानपणीही ती तिथेच बसायची. तिचे डोळे भरले होते.

"बाबा," ती म्हणाली, "मला भीती वाटते हो..."

"धुराडं! अगं, धुराडं!" भानुदासराव ओरडले. "ऊठ आधी! कच्चा आहे रंग! कळत कसं नाही एवढ्या मोठ्या मुलीला?"

केतकी उठली. "चुकलं, बाबा," म्हणाली आणि घरात गेली.

भानुदासराव काठी घेऊन तिथेच उभे राहिले. आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं. आत जाऊन तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण ते घराकडे वळले, तेवढ्यात एक मावशी गाडीच्या दिशेनं येताना दिसली. ते थांबले. असा तो बाप, आणि अशी ती मावशी.

सकाळी पूजा झाली. चाकाखाली लिंबू आलं, नारळ फुटला, किल्ली मिळाली. इंजिन धडधडलं, तापलं आणि केरबा म्हणाला होता तसं सगळं काही भाजून पक्कं झालं. लग्न लागलं. जेवणं झाली. व्याही होडीनं पुढे गेले आणि पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिले.

पाठवणीला भानुदासराव चालवायला बसले आणि केतकी शेजारी. नदीपर्यंतची वाट लांब होती. दगड आले, ओढा आला. 'बाळ, कालचं मनावर घेऊ नकोस,' हे वाक्य त्यांनी घशापर्यंत आणलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "मायलेज बरं देते अजून."

"हो बाबा," केतकी म्हणाली.

काठ आला. होडी तयार होती. पलीकडे व्याही उभे होते. त्यांच्यात आणि गाडीत एवढी रुंद नदी होती, की त्यांना गाडीच नीट दिसत नव्हती, धुराडी कुठली दिसायला!

केतकी उतरली. वळून गाडीकडे बघत राहिली.

"बाबा, आता लावू का हात?"

भानुदासरावांनी धुराड्याकडे पाहिलं. ते तापून रसरसलं होतं.

"नको गं, पोरी," ते म्हणाले. "आता भाजेल."

केतकी हसली. मग रडली. मग एवढे थोराड भानुदासराव असे हंबरून रडले, की पलीकडच्या व्याह्यांना ते मात्र अगदी स्पष्ट ऐकू गेलं.

परत आल्यावर गाडी थंड झाली आणि धुराड्यांवरचं प्रदर्शन सगळ्यांना दिसलं. सगळं जंगल तिथे उमटलं होतं. पुढच्या दाराशी एक लहानसा खूर होता. त्याची हळद जळून गेली होती, ठसा तेवढा राहिला होता.

"मालक, घासून काढतो सगळं," केरबा म्हणाला. "आता सवड हाय. तात्या म्हनले त्या भट्टीतनं सिरॅमिक करून आणू. लई टिकंल."

"खबरदार हात लावशील तर!" भानुदासराव म्हणाले. ही त्यांची पाटी अजूनही सुटली नव्हती.

लवकरच जंगलात बोलबाला झाला, की गव्यानं काहीतरी विलायती फिनिश केलंय. मग सगळ्यांनाच ठसेवालं धुराडं हवं झालं. केरबानं दुकान काढलं आणि नाव ठेवलं 'वऱ्हाडी फिनिश'. ज्यांच्याकडे पाहुणे येत नसत, त्यांना तो मावश्याही पुरवतो. रंगराव तर तिथे पाय उमटवायच्या नोकरीलाच लागला आहे.

अजूनही कोणी ना कोणी भानुदासरावांना विचारायला येतं, की सगळं करून पाहिलंत, तर सगळ्यात टिकाऊ काय? ते त्याला पुढच्या दाराशी घेऊन जातात. गाडी थंड आहे ना, हे आधी बघतात. मग त्या लहान खुरात आपला मोठा खूर हलकेच ठेवतात. तो मावत नाही.

तात्पर्य : क्रोम निळं पडतं, फाटकाचा रंग जळतो आणि सिरॅमिकची भट्टी लांब असते. टिकाऊ म्हणाल तर आपल्या हातून झालेली चूकच तेवढी टिकाऊ. तेव्हा बाळांनो, 'हात लावू नये' अशी पाटी आपल्या माणसानं लावली असेल, तर बेलाशक हात लावा आणि वेळेवर लावा. उशीर केलात, तर भाजतं.