लिफ्टमध्ये कोणी आहे का?

मतदानाला सात दिवस उरले असताना, सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध बंद पडली. त्या वेळी लिफ्टमध्ये एक माणूस होता. ही दोन्ही विधानं पुढे वादग्रस्त ठरली.

तो माणूस म्हणजे चौथ्या मजल्यावरचे घड्याळजी. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टीचभर दुकान होतं आणि सगळी इमारत त्यांना घड्याळजीच म्हणे. वेळ त्यांनी अचूक नोंदवली यात नवल नव्हतं. आदल्या दिवशी त्यांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. आज तिला घरी सोडणार होते, पण नातेवाइकाची सही लागणार होती आणि सहीची खिडकी एक वाजता बंद होणार होती. ती एकदा बंद झाली, की दुसऱ्या दिवशीच उघडायची. बायकोनं रात्री फोनवर बजावून सांगितलं होतं, "अहो, लवकर या हं. डोळ्याला पट्टी बांधून अनोळखी माणसांत बसलं, की कसंसंच होतं."

घड्याळजींनी बेल दाबली. बेल खणखणीत वाजली. मग त्यांनी समोर पाहिलं. जाळीच्या दरवाजातून त्यांना डोळ्यांसमोरच चौथ्या मजल्याची फरशी दिसली आणि तिच्यापलीकडे त्यांच्याच दाराचं पायपुसणं. घराच्या इतक्या जवळ अडकलेला माणूस कोणी पाहिला नसेल. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, "मी लिफ्टमध्ये अडकलो आहे. कृपया मदत करा. एकच्या आत रुग्णालयात पोहोचायचं आहे."

पहिलं उत्तर दहा सेकंदांत आलं. "हे कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत?"

इथे इमारतीची राजकीय रचना सांगणं भाग आहे. पाचव्या, सहाव्या आणि सातव्या मजल्यावर सत्ताधारी पक्षाचे लोक राहत. त्यांना वरचे म्हणत. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर विरोधी पक्षाचे. ते खालचे. निवडणूक देशाची होती, पण ती लढवली जात होती जिन्यात. चौथा मजला दोघांच्या मध्ये होता आणि तिथल्या घड्याळजींच्या दारावर कुठल्याच पक्षाचं स्टिकर नव्हतं. त्यामुळे वरचे त्यांना खालच्यांचा छुपा माणूस समजत आणि खालचे वरच्यांचा. या एका मुद्द्यावर दोन्ही गटांचं एकमत होतं.

लिफ्टही राजकारणातून सुटलेली नव्हती. गेल्या वर्षी सोसायटीच्या, वरच्या गटातल्या अध्यक्षांनी तिचं नूतनीकरण केलं, म्हणजे आत आरसा, पंखा आणि स्वतःच्या नावाची पितळी पाटी बसवली. तेव्हापासून लिफ्ट म्हणजे वरच्यांसाठी प्रगती होती, तर खालच्यांसाठी देशाचं कसं वाटोळं होतंय याचा ढळढळीत पुरावा. खालच्यांपैकी कित्येक जण निषेध म्हणून जिन्यानं जात. पहिल्या मजल्यावरच्यांना ते फारसं जड जात नसे.

अध्यक्षांचा फोन आला. आवाज मायाळू होता.

"घड्याळजी, तुमचा मेसेज वाचला. एक दुरुस्ती सुचवतो. 'अडकलो' लिहू नका. लिफ्ट अडकलेली नाही, ती थांबलेली आहे."

"बरं, थांबलेली आहे. पण मला बाहेर काढा ना! बायको तिकडे एकटी बसलीय."

"काढणारच. पण 'अडकली' हा शब्द विरोधकांचा आहे, हे ध्यानात घ्या. आणि एक विचारतो, रागावू नका. नेमकी आजच कशी काय अडकली हो?"

"अडकली, असं तुम्हीच म्हणालात आत्ता!"

पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

एवढ्यात तिसऱ्या मजल्याच्या बाजूनं सोसायटीचे सचिव धावत आले. हे खालच्या गटाचे. जाळीतून घड्याळजींना त्यांचं टक्कल आणि पुढे धरलेला मोबाइल तेवढा दिसला.

"घड्याळजी, घाबरू नका. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. फक्त इकडे बघून एक वाक्य बोला, 'वरच्यांच्या भ्रष्ट कारभारामुळे माझा जीव टांगणीला लागला आहे.' आणि जरा धापा टाका."

"धापा कशाला? आत पंखा चालू आहे."

सचिवांचा चेहरा उतरला. "पंखा चालू आहे, हे कुणाला सांगू नका हं," असं म्हणून ते रेकॉर्डिंग बंद करून निघून गेले.

साडेअकराच्या सुमाराला ग्रुपवर वेगळीच शंका निघाली. सहाव्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी रिकाम्या लिफ्टचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "हा घ्या पुरावा. आत कोणीही नाही." फोटो उद्घाटनाच्या दिवशीचा होता, हे पाटीला घातलेल्या हारावरून सहज दिसत होतं. पण ज्यांना पाटी दिसली त्यांना हार दिसला नाही. शेवटी लोकशाही मार्गानं निकाल लावायचं ठरलं आणि ग्रुपवर मतचाचणी आली : लिफ्टमध्ये कोणी आहे का? आहे, असं एकोणीस जणांचं मत पडलं. नाही, असं तेवीस जणांचं. सहा जण सांगता येत नाही म्हणाले. विसावं मत घड्याळजींनी लिफ्टमधूनच दिलं होतं, पण ते बाद झालं. कारण दिलं होतं : मतदार प्रकरणाशी थेट संबंधित आहे.

म्हणजे बहुमतानं घड्याळजी लिफ्टमध्ये नव्हते. त्यांनी पुन्हा बेल दाबली. पाचव्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "निकाल लागलाय, आता बेल वाजवून काय उपयोग?"

बाराच्या सुमाराला जिन्यात खुर्च्या आल्या. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं मांडता यावं म्हणून चर्चा ठेवली होती. वरचे चौथ्या मजल्यावर बसले, खालचे तिसऱ्यावर. घड्याळजींना वरच्यांचे पाय दिसत होते आणि खालच्यांची डोकी. सूत्रसंचालनाला पाचव्या मजल्यावरचे वकील उभे राहिले.

"नूतनीकरणाआधी याच लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पाऊण तास अडकल्या होत्या," अध्यक्ष गरजले. "तेव्हा तुम्ही मूग गिळून का बसला होतात?"

"काकू आमच्याच होत्या!" सचिव ओरडले.

"म्हणूनच विचारतोय!"

"शेजारच्या इमारतीत तर लिफ्टच नाही, त्याबद्दल बोला की!" कुणीतरी मध्येच म्हणालं आणि टाळ्या पडल्या. शेजारच्या इमारतीला दोनच मजले आहेत, हे घड्याळजींनी आतून सांगून पाहिलं. वकिलांनी त्यांना गप्प केलं.

"तुम्हाला संधी मिळेल. प्रत्येकाला मिळेल." ती खरोखर मिळाली. वकील म्हणाले, "आता लिफ्टमधले, म्हणजे लिफ्टमध्ये असल्याचा दावा करणारे गृहस्थ बोलतील. वेळ तीस सेकंद."

"मला फक्त एवढंच सांगायचंय, की माझी बायको..."

"बायकांच्या सुरक्षिततेचा मुद्दा निघालाच आहे, तर," सचिव उठले आणि उरलेले सत्तावीस सेकंद त्यांनी वापरले.

सव्वाबाराला लिफ्टचा मिस्त्री आला. घड्याळजींना इतका आनंद झाला, की त्यांनी आतल्या आत हात जोडले. मिस्त्रीचं काम साधं होतं. गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत एक चाक असतं. ते हातानं फिरवलं, की लिफ्ट जवळच्या मजल्याला लागते. पाच मिनिटांचं काम.

पण त्या खोलीला दोन कुलपं होती. सोसायटीच्या मागच्या निवडणुकीत गटांचा एकमेकांवर विश्वास उरला नव्हता, म्हणून परस्पर विश्वासाचं प्रतीक म्हणून ती बसवली होती. एकाची किल्ली अध्यक्षांकडे, दुसऱ्याची सचिवांकडे. आता प्रश्न असा निघाला, की आधी कुलूप कोणी उघडायचं. आधी उघडणं म्हणजे चूक कबूल करणं, असं अध्यक्ष म्हणाले. सचिवांचंही तेच म्हणणं होतं.

"बरोबरच उघडा की दोघांनी," मिस्त्री म्हणाला.

ही सूचना इतकी सरळ होती, की मिस्त्री कोणाचा माणूस आहे याची चौकशी सुरू झाली. तीही एकदाची आटोपली, तेव्हा अध्यक्षांनी सहज विचारलं, "आणि लिफ्ट कुठे न्याल?"

"वर. आत एकच माणूस आहे, वर हलकी जाईल."

अध्यक्षांनी मिशीवर हात फिरवला. सचिव ताडकन उभे राहिले. "वर का? खाली का नाही? जनता खालीच आहे!"

"खाली नेलीत, तर ती लिफ्टची अधोगती ठरेल!" अध्यक्ष कडाडले.

बारा चाळीसला घड्याळजींचा फोन वाजला.

"अहो, कुठे आहात?"

"लिफ्टमध्ये."

"कुठल्या लिफ्टमध्ये?"

"आपल्याच. आपलं पायपुसणं दिसतंय इथून."

"इथली बाई म्हणते, एक वाजला की खिडकी बंद. मी पिशवी भरून केव्हाची बसलेय." घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. जाळी दोन्ही हातांनी गदागदा हलवून ते बोंबलले, "अरे, वर न्या, खाली न्या, कुठेही न्या! माणूस आहे आत!"

खालच्यांची डोकी वळली, वरच्यांचे पाय थबकले. मग वकील हळूच म्हणाले, "भाषा सांभाळा."

सुटका झाली ती टीव्हीमुळे. पावणेएकला दोन्ही पक्षांच्या मोठ्या नेत्यांची समोरासमोर चर्चा होती. जिना दोन मिनिटांत रिकामा झाला. घाईघाईत अध्यक्षांची किल्ली त्यांच्या खुर्चीवर राहिली आणि सचिवांची त्यांच्या खुर्चीवर. मिस्त्रीनं दोन्ही उचलल्या, गच्चीवर गेला, चाक फिरवलं. चौथ्या मिनिटाला घड्याळजी आपल्या दारासमोर उभे होते. ते जिन्यानं खाली पळाले तेव्हा प्रत्येक दारातून एकच वाक्य ऐकू येत होतं, "जनतेचा आवाज आम्ही ऐकतो."

ते रुग्णालयात पोहोचले तेव्हा एक वाजून नऊ मिनिटं झाली होती. खिडकी बंद होती. बाकावर बायको बसली होती, एका डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. तिनं सरकून जागा केली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते त्याच बाकावर बसून राहिले.

ते दोघं घरी आले, तेव्हा दारावर स्टिकर लावलेलं होतं. वरच्यांचं. लिफ्ट वर गेली, माणूस वर उतरला, म्हणजे तो वरचा, हे आता सिद्ध झालं होतं. घड्याळजींनी ते नखानं खरवडून काढायला घेतलं, पण त्याच संध्याकाळी अध्यक्ष स्वतः येऊन बायकोची चौकशी करून गेले. सहाव्या मजल्यावरच्या वहिनी दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायला येऊ लागल्या. वरच्यांची बंद पडलेली सगळी घड्याळं दुकानात आली. खालच्यांनी आपली घड्याळं दुरुस्तीआधीच परत नेली आणि सचिव जिन्यात भेटले, की मान वळवू लागले. मान वळवलेली घड्याळजींच्या मनाला लागली. तिसऱ्या दिवशी ते बायकोला म्हणाले, "खालचे लोक आहेतच तसले." पाचव्या दिवशी ते "आपण वरचे" असं म्हणाले. स्टिकरचा अर्धवट निघालेला कोपरा त्यांनी गोंद लावून नीट बसवला.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी लिफ्टची बेल वाजली. खणखणीत, लांबलचक. घड्याळजी घरीच भिंग लावून एक मनगटी घड्याळ उघडत होते. थोड्याच वेळात मोबाइलवर मतचाचणी आली : लिफ्टमध्ये कोणी आहे का?

"अहो, बेल वाजतेय," बायको म्हणाली. तिच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती.

"ऐकतोय ना." घड्याळजींनी भिंग काढलं, मोबाइल हातात घेतला आणि अंगठा पडद्याच्या वर तसाच धरून ठेवला. "पण आत कोण आहे? वरचं की खालचं?"

बायकोनं पायात चपला घातल्या आणि ती एकटीच जिन्यात गेली.

आत कोण होतं, ते मला ठाऊक आहे. वरचं होतं की खालचं, तेही ठाऊक आहे. पण सांगत नाही, कारण बेल अजून वाजते आहे, आणि तुम्हीही आधी तेच विचारलंत.