पश्चिमेस मारुती

"पश्चिमेस कोण?" पेठेच्या चावडीत खतं लिहिणाऱ्या विसाजीपंतांनी बोरू शाईत बुडवून विचारलं.

"बारगीर," दत्तोबा म्हणाला.

"बारगीर ही चाकरी झाली. मी नाव विचारलं."

दत्तोबाला नाव ठाऊक नव्हतं. शेजारी सरकारी घोड्यावर चाकरी करणारा बारगीर राहतो, मोहिमेवर गेला की सहा-सहा महिने येत नाही आणि आला की दोन घरं सोडून ऐकू जाईल असा घोरतो, एवढी माहिती त्याच्यापाशी होती. आख्खी आळी त्याला बारगीरच म्हणायची. विसाजीपंतांनी बोरू खाली ठेवला. त्यांनी बोरू ठेवला की त्या दिवसाचं काम संपलं, अशी चावडीची रीत होती.

मथुराबाईंना ही रीत नवीन होती. "मग माणूस धाडून विचारा की," त्या म्हणाल्या.

"विचारू. इथे घाई मिळत नाही."

सदाशिव पेठ तेव्हा नुकती वसत होती. कात्रजच्या तळ्याचं पाणी नळातून पेठेच्या हौदात येऊ लागलं होतं आणि ज्याला त्याला हौदाजवळ घर हवं होतं. दत्तोबाला मात्र उलट कात्रजकडे, आपल्या शेतावर परतायचं होतं. त्याचं दोन खणांचं घर मथुराबाई आईकडून आलेल्या स्त्रीधनातून घेत होत्या, म्हणून खरेदीखत त्यांच्याच नावाने व्हायचं होतं. त्यांचे यजमान घाबरट होते. चावडीपर्यंत ते बरोबर येत, पण आत येत नसत. बाहेर चपला सांभाळत उभे राहत.

मथुराबाईंना घर हवं होतं ते चुलीसाठी. दिरांच्या घरात चौदा वर्षं त्यांची पाळी सगळ्यांचं झाल्यावर यायची, आणि लाकडं किती जाळायची ते थोरल्या जाऊबाई ठरवायच्या. यंदाच्या पाडव्याला त्यांनी कुंभाराकडून स्वतःची चूल आणली होती. ती जुन्या लुगड्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेली होती. जाऊबाई येता-जाता विचारायच्या, "काय गं, बाळ झोपलंय का उठलं?"

विसाजीपंतांचा नियम साधा होता. खतात चतुःसीमा लिहायची, म्हणजे घराच्या चारी बाजूंना कोण आहे ते. आणि त्या चौघांनी आमची हरकत नाही असं सांगायचं. तीन बाजू एका दिवसात झाल्या. चौथीसाठी चावडीचा प्यादा बारगिराच्या घरी गेला. घरी त्याची बायको सोजरबाई एकटी होती. प्यादा लगेच परतला.

"घराच्या मालकाचं नाव विचारलं," तो म्हणाला. "बाईंनी समोरच्या देवळाकडं बोट केलं. म्हणाल्या, त्या देवळात बसलाय, त्योच."

"देवळात कोण बसलाय?"

"मारुती."

विसाजीपंतांनी लिहिलं, पश्चिमेस मारुती देवाची जागा. बारगीर हा देवाचा भाडेकरू.

"मला वाटलं, घर बारगिराचंच हाय," दत्तोबा चाचरत म्हणाला.

"वाटलं, हे कागदात लिहीत नाहीत. आता देवाची संमती आणा."

"देवाची संमती कशी आणायची?" मथुराबाईंनी विचारलं.

"ते मला कसं ठाऊक? माझा देवाशी कागदोपत्रीच संबंध येतो."

देवळाचा गुरव गेनबा. त्याच्या आयुष्यात एवढं महत्त्वाचं काम कधी आलं नव्हतं. तो म्हणाला, "देवाच्या वतीनं मी बोलायचा न्हाई. कौल लावू. छातीला दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर न्हाई."

"लाव मग."

"आज मंगळवार. मारुतीचा वार शनिवार."

पहिल्या शनिवारी गेनबाने देवाला ताजा शेंदूर लावला होता. पाकळ्या शेंदरात अशा रुतल्या की संध्याकाळपर्यंत दोन्ही जागच्या जागी. "देव इचार करतोय," गेनबा म्हणाला. दुसऱ्या शनिवारी डावी पडली. विसाजीपंतांनी ती हरकत म्हणून नोंदवली आणि हरकतीचं कारण काय, ते विचारून यायला सांगितलं. तिसऱ्या शनिवारी देवळात वानर शिरलं आणि नारळाबरोबर दोन्ही पाकळ्या घेऊन गेलं.

"याचा अर्थ काय धरायचा?" मथुराबाईंनी चावडीत विचारलं.

"वानर देवाचाच गोतावळा," विसाजीपंत म्हणाले. "दावा घरच्या घरी चालू दिसतो. निकाल लागेपर्यंत थांबा."

"किती दिवस?"

"मोहर फुटेपर्यंत आंब्याला कुणी विचारतं का, किती दिवस म्हणून?"

"आंबे पाडाला लागले, पंत. मोहर तुमच्याच झाडाचा अडलाय," मथुराबाई म्हणाल्या आणि उठल्या.

बाहेर दत्तोबा वाट पाहत होता. "वहिनी, राग मानू नका. परवा चैत्र वद्य त्रयोदशी. मग चतुर्दशी-अमावास्येला पंत बोरूला हात लावत न्हाईत, आन् पुढं अधिक महिना. अधिकात मी घर देत न्हाई. मग माझी पेरणी. एक भुसारी वाणी रोज घर बघून जातोय. त्याला शेंदराचं बी वावडं न्हाई आन् वानराचं बी न्हाई."

"परवा संध्याकाळपर्यंत थांबाल?"

"थांबतो. देव थांबंल का, ते बघा."

मथुराबाई घरी गेल्या नाहीत. त्या तडक देवळासमोर गेल्या. ऊन रणरणत होतं. सोजरबाई दारात बसून लसूण सोलत होती. तिने न विचारता तांब्या पुढे केला. मथुराबाईंनी सोवळं-ओवळं क्षणभर आठवून पाहिलं आणि पाणी पिऊन टाकलं.

"तुम्ही भाडं कुणाकडे देता हो? गेनबाकडे?"

"कसलं भाडं?"

"या घराचं. देवाचं घर ना हे?"

"देवाचं?" सोजरबाईने लसूण खाली ठेवला. "आमच्या धन्यानं सवताच्या हातानं भिती घातल्यात. देवाचं कोन म्हनलं?"

"तुम्हीच. प्याद्याला."

"त्यानं मालकाचं नाव इचारलं. मी म्हनलं, देवळात बसलाय, त्योच. म्हंजे त्येच नाव. धन्याचं नाव मी कसं घिऊ, बाई?"

मथुराबाई उंबऱ्यावर बसल्या. तीन आठवडे, तीन नारळ, एक वानर. सगळ्यांनी देवाला पुन्हा पुन्हा विचारलं होतं; या बाईला दुसऱ्यांदा कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे बारगिराचं नाव मारुती?"

"तुमी घ्या. मी न्हाई घेत."

दुसऱ्या दिवशी मथुराबाईंनी हे सगळं विसाजीपंतांच्या कानांवर घातलं. पंतांनी शांतपणे ऐकलं. "तुम्ही खरेदीदार. तुमचं सांगणं तुमच्या सोयीचं. ज्या बाईनं देव सांगितला, तिनंच इथे येऊन नवरा सांगावा."

"ती नाव घेणार नाही."

"मग देव राहील."

त्रयोदशीला दिवस कलता कलता मथुराबाई निघाल्या त्या चूल परत जिन्याखाली ठेवायची नाही असं ठरवूनच. ती त्यांनी यजमानांच्या हातात दिली.

"आधी दादांना विचारून येऊ का?" यजमान म्हणाले.

"दादांना काय, त्यांना कौल लावायचाय?"

वाटेत सोजरबाईला बरोबर घेतलं. चूल धरलेले यजमान चावडीबाहेर उभे राहिले. आत कचेरी सुटायच्या बेतात होती, पण बाई नाव सांगायला आली म्हटल्यावर दप्तर बांधणारे कारकूनही थांबले.

"बोला," विसाजीपंत म्हणाले. "तुमच्या घराचा मालक कोण?"

"आमचे धनी."

"त्यांचं नाव?"

सोजरबाईने पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मथुराबाई हळूच म्हणाल्या, "मंगळागौरीला कसं घेता, तसं घ्या."

"इथं? ह्या बाप्यांपुढं?"

"हे बाप्ये नाहीत. हे कारकून आहेत."

सोजरबाईने खाकरून घेतलं आणि छताच्या तुळईकडे पाहत म्हटलं,

"देवळातल्या देवाला रुईच्या पानांचा हार,
मारुतीरावांच्या घराला त्यांच्याच नावाचं दार."

एका कारकुनाने मान डोलावली. विसाजीपंतांनी त्याच्याकडे पाहिलं, तशी ती थांबली.

"हे साध्या बोलण्यात सांगा."

"साधं न्हाई घेत म्या."

"उखाणा जबानीत चालत नाही."

"का चालत नाही?" मथुराबाईंनी विचारलं. "वानराचा कौल नोंदवलात. वानर गद्यात बोललं होतं का?"

विसाजीपंतांनी दप्तराची मागची पानं उलटली. वानराची नोंद त्यांच्याच अक्षरात होती, वळणदार. अखेर त्यांनी 'देव' हा शब्द खोडला, त्यावर 'बारगीर' लिहिलं, आणि समासात उखाणा दोन्ही ओळींसह उतरवून घेतला. धनी मोहिमेवर, सबब त्यांच्या कबिल्याची, म्हणजे बायकोची, हरकत नाही. खाली सोजरबाईने सहीऐवजी बांगडीची निशाणी केली. एका रेघेने मारुतीरायाची मालकी गेली आणि घरावरची हरकतही.

"उरकतं घ्या, पंत," दत्तोबा दारातून म्हणाला. "भुसारी कोपऱ्यावर उभा हाय."

विसाजीपंतांनी खताचा कोरा कागद ओढला. बोरू सरसर चालला. विकणार दत्तोबा, पूर्वेस हा, दक्षिणेस तो, उत्तरेस आणखी कुणी, पश्चिमेस मारुती बारगीर. खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. "घेणार," ते पुटपुटत लिहू लागले, "मथुराबाई कोम…"

इथे बोरू थांबला. कोम म्हणजे अमक्याची बायको. पुढे अमका लिहायचा होता.

"यजमानांचं नाव?"

"बाहेरच उभे आहेत. विचारा त्यांना."

"खरेदीदारानं स्वतः सांगायचं. नियम आहे. आत्ताच पाहिलात तुम्ही." विसाजीपंतांच्या चेहऱ्यावर महिनाभरात पहिल्यांदा हसू आलं. "उखाणा आता या चावडीत चालतो. तुम्हीच चालवलात. होऊ द्या. सावकाश, चांगला लांबलचक."

कारकून पुन्हा सरसावून बसले. एकाने तंबाखूचा बटवा काढला. सोजरबाईने धीर द्यावा तसा मथुराबाईंच्या दंडावर हात ठेवला. आणि विसाजीपंत, नीट ऐकता यावं म्हणून, मागे तक्क्याला टेकले आणि बोरू ठेवायला त्यांनी हात कलमदानाकडे नेला.

मथुराबाईंचं सगळं लक्ष त्या बोरूवर होतं. कलमदान चार बोटं दूर होतं. मग तीन. चौदा वर्षांत त्यांनी यजमानांना 'अहो' म्हटलं होतं, 'इकडे' म्हटलं होतं, 'ऐकलं का' म्हटलं होतं. एक बाई नाव घेत नाही म्हणून महिना गेला होता. बोरू कलमदानाला टेकायला बोटभर अंतर राहिलं.

"यज्ञेश्वर," मथुराबाई म्हणाल्या. मोठ्याने, स्वच्छ, ना मागे हार ना पुढे दार. "लिहा. यज्ञेश्वर."

विसाजीपंतांचा हात जिथल्या तिथे राहिला. सोजरबाईने तोंडाला पदर लावला. तंबाखू तळहातावर तशीच राहिली.

बाहेरून, दोन्ही हातांत चूल धरून उभ्या असलेल्या माणसाने ओ दिली.