सुरवसे सरांची दुरुस्ती

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटमध्ये लोक चोरांना भीत नाहीत, सुरवसे सरांना भितात. हे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. बारसं असो, वास्तुशांत असो, स्वतः काढलेलं चित्र भेट देणार. आणि मग कधीही बेल वाजवून, थेट भिंतीपाशी जाऊन म्हणणार, "हे चुकलंय की."

झालं. चित्र काखेत आणि माणूस जिन्यात. दिलेली भेट परत न्यायची ही कुठली रीत, मला सांगा.

तळमजल्यावरच्या माने वहिनींना त्यांनी बैलजोडी दिली होती. "दोन दिवसांत आणतो" म्हणून नेली आणि महिन्याने आणली, तर त्यात एकच बैल. वहिनी रडकुंडीला आल्या. सर म्हणतात, "दुसऱ्याला काई कामच न्हवतं. उगं उभा होता." आणि संताप याचा येतो की चित्र आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालं होतं.

बरं, कौतुक करावं तर त्याचाही राग. "छान छान म्हणायला पुण्यात पोरं हायत की माझी. तुमी कुटं चुकलंय ते सांगा." आमच्या ह्यांनी एकदा भिडेखातर सांगितलं, आभाळ जरा फिकं वाटतंय. ते आभाळ गेलं, ते दिवाळीनंतर परत आलं.

पण परवा त्यांनी हद्द केली. आईच्या चित्राला हात घातला.

आई गॅलरीत शेंगा सोलत बसायची, तेव्हा सरांनीच ते काढलं होतं. आता आई नाही. फोटोत ती कायम आधार कार्डासाठी बसल्यासारखी बसायची. हसते ती फक्त या चित्रात.

"हनुवटी चुकलीय," सर म्हणाले आणि फ्रेम उचलायला लागले.

मी आडवीच झाले. "चुकू द्या. माझ्या आईची हनुवटी आहे ती. ब्रश लावून तर बघा."

मला वाटलं, आता भांडतील. ते खुर्चीवर बसले.

"आमच्या हिचं काढलं होतं मी. ती गेल्यावर सुधारायला घेतलं. दर टायमाला हात सुधारायचा, अन् ती जराशी कमी व्हायची. खोडून खोडून नुसतं कापड राहिलं. तवापास्नं घरात चित्र ठेवत न्हाय. वाटून टाकतो."

"मग परत न्यायला कशाला येता?" मी चिडूनच विचारलं.

"ऱ्हावत न्हाय." ते उठले, दारात थांबले. "हे मातर देऊ नका, ताई. उद्या परत यीन मी, लई गोड बोलंन. तरी देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. काय म्हणावं या माणसाला. मी दार न उघडता आतूनच ओरडले, "चित्र मिळणार नाही, सर."

बाहेर चपला दोन पायऱ्या उतरल्या, परत दाराशी आल्या. मग सर हळूच म्हणाले, "बरं. हसतीय का तेवढं सांगा."